गुणवंत कासाराचा उजवा हात

गुणवंत कासाराच्या उजव्या हाताची बोटं आता मिटत नाहीत. दिल्लीत मुनिरक्यातल्या भाड्याच्या खोलीत तो डाव्या हाताने चहा गाळतो आणि त्याची बायको प्रभा तिकडे बघायचं टाळते.

श्रावणात लक्ष्मीबाई नगरातल्या मराठी घरांत चुडे भरायचे आणि एरवी मोटारसायकलला पेट्या बांधून यमुनेच्या खादरात, म्हणजे नदीकाठच्या सखल पट्ट्यात, बस जात नाही अशा गावांत फिरायचं, असा त्याचा धंदा. बापाने एकच गोष्ट बजावली होती: पुढे आलेला हात रिकामा परत पाठवायचा नाही आणि तो कुणाचा, हे विचारायचं नाही. आपल्याकडे बायका चुडा भरून झाला की कासाराला वाकून नमस्कार करतात. खादरातही तसंच असेल, असं गुणवंत धरून चालला होता. बरीच वर्षं ते निभावलंही.

त्या चैत्रात एका अंगणात बायकांचा गराडा पडला होता.

"चाचा, तेरी चूडी तो घर पहुँचने से पहले टूट जाती है," एक म्हातारी म्हणाली.

"चूडी पक्की है ताई. तू बहू को मारना कम कर."

हशा पिकला. तेवढ्यात गर्दीतून एक ओका हात पुढे आला. राजबालाचा, वय विशीबाविशीचं. गुणवंतने सवयीने तिची बोटं दाबून हात मऊ केला आणि हिरव्या बांगड्या चढवल्या. मान वर केली तर अंगणात तिच्याशिवाय एकही बाई उरली नव्हती.

राजबाला विधवा होती. विधवेच्या हातात पुरुषाने बांगडी भरली की ती त्याची झाली, अशी त्या घराची रीत. नवऱ्यामागे तिच्या वाट्याची जमीन घरातच राहावी म्हणून धाकटा दीर ओमवीर येत्या रविवारी तिला बांगड्या भरणार होता. तिला तो नको होता. गावाला हे सगळं ठाऊक होतं, फक्त गुणवंतला नव्हतं.

पहिली लाठी पाठीत बसली, दुसरी पेटीवर. काचेचा चुरा उडाला आणि गुणवंत त्यातच तोंडावर पडला. भावकीतल्या चौघांनी त्याला लाथांनी तुडवलं. ओमवीरने राजबालाला केसांना धरून फरफटत आणलं आणि तिचं मनगट हातपंपाच्या दांड्यावर आपटत राहिला, शेवटची बांगडी फुटेपर्यंत. पंपाखालचं पाणी लाल झालं.

मग तो गुणवंतच्या छातीवर बसला. "सच बोल. हाथ इसने दिया, या तूने पकडा?"

पोरीने हात दिला असं म्हटलं, तर आपण सुटू. ती मात्र उद्याचा सूर्य बघणार नाही. गुणवंतला हे कळत होतं. त्याची पॅन्ट ओली झाली होती. राजबाला त्याच्याकडे बघत होती. तिने हात जोडले नाहीत, काही मागितलंही नाही.

"मैंने पकडा," तो म्हणाला. "जबरदस्ती."

त्यांनी त्याचा उजवा हात जात्याच्या दगडावर धरला. ओमवीरने वीट उचलली. हाड मोडल्याचा आवाज काचेपेक्षा जड असतो. एकाने पाय धरले, दुसऱ्याने मान, बाकीचे पुढे सरून बघू लागले. विटेखाली अंगठा गेला तेव्हा गुणवंतची नजर हातपंपाकडे वळली. तिथे नुसत्या हिरव्या काचा होत्या. पलीकडे उभा ऊस दूरपर्यंत हलत गेला.

तो ओरडला. गरज नव्हती तेवढा ओरडला. कुणी मागे वळून बघू नये म्हणून ओरडत राहिला.

दुधाच्या टेम्पोवाल्याने त्याला रस्त्याच्या कडेवरून उचलून इस्पितळात आणलं. ती पोरगी कुठे पोचली की नाही, ते त्याला आजवर कळलेलं नाही.

प्रभा अजून अधूनमधून चिडते. "खरं सांगून मोकळं व्हायचं होतंत! कोण लागत होती ती तुमची?"

"अगं, हात दिला होता तिने," गुणवंत म्हणतो आणि गाळणी डाव्या हाताने झटकतो.