हवा सांगितलीस, पाणी राहिलं

"हवा सांगितलीस भिया, पाणी राहिलं."

देवासच्या थंडीत कानटोपी घालून काका रोज सकाळी आमच्या दाराशी उभे राहायचे आणि हे म्हणायचे. ते समोरच्या घरात वरच्या मजल्यावर राहत. कारखान्यातून रिटायर झालेले. त्यांना अंदमानच्या हवेची बातमी वेगळी हवी असे आणि तिथल्या समुद्राच्या पाण्याची वेगळी. गल्लीतून जाणाऱ्याला वाटे, नळाचं विचारतायत. "आज नळ नाहीत काका, कल आएंगे," असं सांगून तो पुढे जाई. काका त्यालाही "बरं झालं सांगितलंस" म्हणत.

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. त्यामुळे मला सगळं येतं, अशी काकांची समजूत. मी फोनवरचं हवामान वाचून दाखवायचो. इंग्रजीला मराठी शब्द सुचला नाही की अडखळायचो.

"लाटा... मीडियम हैं, काका."

"म्हणजे काकूच्या गुडघ्यापर्यंत ना?"

सगळं त्या गुडघ्यांसाठीच चाललं होतं. थंडी पडली की काकूंना जिना उतरवत नसे. ओळखीचं कुणीतरी तिकडे जाऊन आलं आणि म्हणालं, डिसेंबरातही पाणी कोमट असतं. तेव्हापासून काकांच्या डोळ्यांपुढे काकू त्या पाण्यात उभ्या होत्या. पण काकूंना पाण्याची भीती. नदीवर गेल्या तरी त्या वरच्या पायरीवर थांबत.

"अगं, अख्खा समुद्र म्हणजे गरम पाण्याची पिशवी आहे," काका खालून सांगत.

"तुम्ही घ्या शेकून. मी इथेच बरी," वरून उत्तर येई.

बातमी वर पोचवताना काका ती थोडी गोड करत. मी वारा म्हटलं तर ते झुळूक म्हणत. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांना खोटं म्हणवत नाही. सांगता सांगता काका स्वतःच तिथे पोचलेले असत. ऐकता ऐकता मीही. गल्लीतलं धुकं मला निळसर वाटू लागे.

एका सकाळी फोनवर वादळाचा इशारा होता. मी काकांना सांगितलं. मला वाटलं, आज वर काही जाणार नाही. पण त्यांनी मान वर केली.

"अगं, आज समुद्र खवळलाय. बोटीसुद्धा बंद आहेत."

काकू हळूहळू कठड्याशी आल्या.

"अहो, रोज छान छान म्हणायचात, त्याचीच मला धास्ती वाटायची," त्या म्हणाल्या. "आज खरं बोललात. थांबेल ना ते? थांबलं की जाऊ."

काका माझ्याकडे वळले. आवाज एकदम बारीक झाला होता. "तिकीट कसं काढतात रे?"

वादळ ओसरलं आणि दोघं अंदमानला गेली. समोर कुलूप होतं. मी मात्र सकाळी उगाच तिथली हवा बघत बसायचो.

मग एका दुपारी फोटो आला. काकू गुडघाभर पाण्यात, एका हातात साडी धरलेली, दुसरा हात पुढे केलेला, जणू कुणाला आत बोलावतायत. काका फोटोत कुठेच नव्हते. नीट पाहिलं तेव्हा कळलं. पाणी इतकं नितळ होतं की तळाच्या वाळूवर फोटो काढणाऱ्या काकांची सावली पडली होती, लांब, जराशी वाकडी, काकूंच्या पावलांपर्यंत पोचलेली.