बॅग भरली आणि महाशीर सुटला

"अहो, माझा मासा कुठे गेला?" साठे मॅडम ओरडल्या आणि मी वाकून त्यांच्या फोनमध्ये पाहिलं.

मासा परत पाण्यात गेला होता. चांगला हातभर महाशीर. मॅडमनी खुर्चीच्या कडेला येऊन, दातओठ खात तो ओढला होता. आणि स्क्रीनवर आमचा थंड मेसेज : 'बॅगेत जागा नाही.'

मी गेम डिझायनर. चित्रं काढत नाही, कोड लिहीत नाही. खेळणाऱ्याला कुठे मजा यावी आणि कुठे घाम फुटावा, ते ठरवते. आमचा स्टुडिओ स्वारगेटजवळ, गेम मासेमारीचा. साठे मॅडम पब्लिशरच्या, म्हणजे गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीच्या. त्या नाही म्हणाल्या असत्या, तर गेम तिथेच बंद आणि आमची टीमही.

मॅडमनी फोन टेबलावर पालथा ठेवला. "मी जेवून येते. मग बोलू."

दार लागल्यावर आमचे बॉस शिरीष सर शांतपणे म्हणाले, "अभिनंदन. मासा पकडणाऱ्यालाच शिक्षा देणारा गेम केलाय आपण."

"पण हे आजवर कुणालाच कसं दिसलं नाही?" मी विचारलं.

आमचा प्रोग्रामर निनाद कीबोर्डकडे बघत म्हणाला, "सगळ्यांचा चीट चालू होता ना!"

चीट म्हणजे टेस्टिंगसाठी ठेवलेली पळवाट. सारखी बॅग आवरायला नको, म्हणून आमच्या फोनवर ती कधी भरतच नसे. रॉड, रिळं, गळ, आमिषाचे डबे, सगळं महिनोन्महिने कोंबत होतो आम्ही. भरलेली बॅग एकानेही पाहिली नव्हती! मॅडमच्या फोनवर मात्र खरा गेम होता.

"बॅगेतले कप्पे दुप्पट करा," सर म्हणाले.

"अजिबात नको!" मी जवळजवळ किंचाळलेच. "मग मजाच गेली. कोणता रॉड न्यायचा, कोणता घरी ठेवायचा, हाच तर खेळ आहे सर. जागा कमीच हवी. फक्त हाती आलेला मासा जायला नको."

"मग ठेवायचा कुठे? डोक्यावर?"

डोक्यावर म्हटल्यावर मला हेल्मेट आठवलं, आणि हेल्मेटवरून माझी स्कूटर. मंडईतून भाजी घेऊन विश्रांतवाडीला घरी जाताना डिकी रेनकोट आणि डब्यानेच भरलेली असते. म्हणून मी कोथिंबीर रस्त्यात टाकून देते का? पिशवी पुढच्या हुकाला लटकते आणि गुडघ्यांवर आपटत घरी येते.

"निनाद, होडीला हुक लाव! स्कूटरला असतो तसा. बॅग भरली की मासा हुकाला. पण एकच! तो लटकतोय तोवर दुसरा पकडता येणार नाही. बॅगेतलं काहीतरी टाका, नाहीतर किनारा गाठा."

निनाद ताडकन सरळ बसला. "अगं, होईल की! होडीवर कंदिलाची आकडी आहे, तिलाच टांगतो."

आमचे जेवणाचे डबे तसेच राहिले. निनाद टाइप करत होता, मी चीट बंद करून टेस्ट करत होते. पहिला मासा होडीच्या वर, हवेतच तरंगला.

"हा बगळा आहे का?" सरांनी विचारलं.

पुढचा मात्र बरोब्बर आकडीला लटकला, आणि लाटेबरोबर कंदील डोलायचा तसा डोलायला लागला! आम्ही तिघंही ओरडलो. सरसुद्धा.

मॅडम बडीशेप चघळत आल्या. फोनवर नवा गेम घेऊन खेळायला बसल्या. बॅग भरली. रॉड वाकला, रीळ करकरलं, मासा वर आला. मी टेबलाची कड घट्ट धरली होती.

"आई गं, लटकला!" मॅडम खुर्चीतून उठल्याच. मग आमच्याकडे वळल्या. "आता काय टाकू? जुना रॉड की आमिष?"

"तुमचं तुम्ही ठरवा," सर म्हणाले.

खाली त्यांची गाडी हॉर्न देत होती. मॅडम मान वर न करता म्हणाल्या, "थांब म्हणावं त्याला. आणि हो, गेम आम्ही घेतोय." मी निनादच्या पाठीत असा धपाटा घातला की तो कळवळला.

दुसऱ्या दिवशी चीट काढून टाकला. आता बॅग भरली म्हणून टीम दिवसभर कुरकुर करते. कुरकुर थांबली, की मी आधी कुणी चीट परत घातलाय का ते बघते.