जातो म्हणा!

मुलांनो, घरातून निघताना आपण ‘येतो’ म्हणतो. ‘जातो’ म्हणणे अशुभ. आजोबांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले त्या नाशिकच्या रुग्णालयात मात्र फाटकावरच्या सुरक्षारक्षकाचा नियम उलटा होता. घरी निघालेला पेशंट सवयीने “येतो हं” म्हणाला, की हा काठी आडवी धरी.

“इथं परत कशाला येता? जातो म्हणा!”

लोक हसत आणि तसे म्हणत. तो स्वतः कधी हसत नसे. मला तो जरा उद्धटच वाटे.

एका संध्याकाळी सायखेड्याच्या एक बाई घरी निघाल्या. त्यांचा नवरा आयसीयूत होता आणि डॉक्टरांनी फारशी आशा दिली नव्हती.

“म्हशी धारेच्या खोळंबल्यात. जाते, भाऊ.”

त्याने काठी आडवी धरली. “मावशी, येते म्हणा.”

“काय यायचं आता? डॉक्टर काय म्हणले, ऐकलं ना?”

“डॉक्टरचं डॉक्टरपाशी. येते म्हणा.”

मागे रिक्षांचे हॉर्न वाजू लागले, तरी तो हलला नाही. बाईंनी पदराने डोळे पुसले.

“येते, बाबा. सकाळी त्यांना पेज घेऊन येते.”

“आयसीयूत डबा चालत नाय,” तो म्हणाला आणि त्याने वाट मोकळी केली.