आनंदीची मशेरी

मालवणच्या बाजारात मासे विकणाऱ्या आनंदीला सकाळी मशेरी लावल्याशिवाय सुधरत नसे. तंबाखू ती स्वतःच तव्यावर भाजून कुटायची. घरच्या बायका पूर्वीपासून लावत आल्या होत्या, त्यामुळे त्यात तिला कधी वावगं वाटलं नव्हतं.

एक दिवस शाळेतून बोलावणं आलं. नववीतली तिची उर्वशी वर्गात घेरी येऊन पडली होती, आणि तिच्या दप्तरात मशेरीची पुडी सापडली होती. आनंदी माशांची पाटी शेजारणीवर सोपवून धावत गेली आणि बाईंच्या देखतच लेकीवर ओरडली, "तुका ही घाण कोणी शिकवल्यान?"

उर्वशी मान खाली घालून म्हणाली, "कोणी नाय. दात दुखत होतो तेव्हा तूच लावलंस. मगे तुझ्याच डब्यातली घेऊक लागलंय."

आनंदीच्या तोंडात सकाळची मशेरी अजून चरचरत होती. तिने पदर ओठांवर धरला. बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "दोघी मिळून सोडा. तिला एकटीला जड जाईल."

घरी येऊन तिने डबा शेणाच्या खड्ड्यात रिकामा केला. पण दोनच दिवसांत डोकं ठणकायला लागलं, आणि बाजारात तिने शेजारणीची चिमूटभर लावली. संध्याकाळी लेकीसमोर तिची नजर वर होईना.

"आज मी लावलंय गो," ती म्हणाली.

उर्वशी तिच्याजवळ येऊन बसली. मग म्हणाली, "माका पण मशेरीची लय आठवण येता, आये."