तीन नंबरचा नारळ

माझी नोकरी कोळशावरची वीज बंद करण्याची आहे. म्हणजे मी स्वतः काही बंद करत नाही. वीज केंद्रातला कोणता संच कधी बंद करावा याचे अहवाल लिहिते. आमचं ऑफिस इतकं गार असतं, की तापमानवाढीवरच्या बैठकीला मी स्वेटर घालून बसते. देशाचा धूर कसा कमी करायचा यावर आम्ही दिवसभर बोलतो आणि संध्याकाळी एकेक जण एकेक गाडी घेऊन वारज्याच्या पुलाखाली अडकतो. मीही अडकते.

बाबांची नोकरी नेमकी उलटी होती. विदर्भातल्या एका औष्णिक वीज केंद्रात त्यांनी बत्तीस वर्षं बॉयलर सांभाळला. तिथला तीन नंबरचा संच पहिल्यांदा पेटला तेव्हाचा नारळ त्यांच्या हातून फुटला होता. घरात तीन नंबरचा विषय माझ्या थोरल्या भावंडासारखा निघायचा: आज तीन नंबर रुसला, आज त्याला ताप आला. आई मात्र दोरीवरचा प्रत्येक कपडा राखेपायी दोनदा झटकायची. आज पुण्यात, सातव्या मजल्यावरही, दोनदाच झटकते.

निवृत्तीनंतर दोघं माझ्याकडे राहायला आले. मी नक्की काय करते असं बाबांनी विचारलं, की "पर्यावरणाचं काम," एवढं सांगून मी सुटायचे. मग एक दिवस बंद करायच्या संचांच्या यादीत तीन नंबर आला. यादी मीच केली होती. वय, कोळशाचा खप, धूर, सगळ्या रकान्यांत तो नापास. त्याच्या बाजूने बोलणारा एकही रकाना मला सापडला नाही, आणि मी शोधला होता, हेही कबूल करते. आता हे बाबांना सांगणार कोण?

आईला म्हटलं, तर ती म्हणाली, "तूच सांग. मी सांगितलं तर त्यांना वाटेल मला आनंद झालाय."

"आणि झाला नाही?"

"झाला ना. म्हणून तर."

त्याच सुमारास आमच्या सोसायटीने गच्चीवर सोलर बसवलं. अध्यक्षांनी नारळ फोडला, पाणी थेट पॅनेलवर उडालं आणि टाळ्या वाजत असताना बाबांनी ते रुमालाने पुसलं. तेव्हापासून पुसणं त्यांच्याकडेच लागलं. रोज सकाळी सहाला फडकं घेऊन निघायचे आणि म्हणायचे, "राउंडवर जाऊन येतो."

महिन्याभरात, एका रविवारी ऐन दुपारी, डोकं तापवणाऱ्या उन्हात लाइट गेले. अध्यक्ष लिफ्टमध्ये होते. बाहेर काढल्यावर त्यांनी समोर माझ्यासोबत उभ्या असलेल्या बाबांनाच धरलं. "अहो, सोलर असून लाइट जातात म्हणजे काय? शोभेला बसवलंय का आपण?"

"बाहेरच्या लाइनमध्ये वीज नसली, की हे पॅनेल आपणहून बंद होतात साहेब," बाबा म्हणाले. "लाइनवर माणसं चढलेली असतात. त्यांना शॉक बसू नये म्हणून."

"मग लाइनमध्ये वीज कोण सोडणार?"

बाबांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. मी मुकाट्याने सात मजले चढून घरी आले.

पुढे आमच्या अहवालाची मराठी प्रत काढायचं ठरलं. ज्यांच्या नोकऱ्या जाणार, त्यांना निदान ते वाचता यावं, असा उदात्त विचार कुणीतरी मांडला होता. कॉम्प्युटरने केलेलं भाषांतर माझ्या टेबलावर आलं आणि मी ते घरी आणून बाबांच्या हातात दिलं. "जरा मराठी तपासून देता का?" तोंडाने सांगायची हिंमत नव्हती, म्हणून कागदाने सांगितलं. इतका भित्रेपणा मी आयुष्यात दुसरा केलेला नाही.

बाबांनी चष्मा लावला, लाल पेन घेतलं. "न्याय्य संक्रमण? तिळगूळ वाटणार आहे का?" असं काहीबाही ते बोलत होते; नोकऱ्या जाणाऱ्यांना वाऱ्यावर न सोडण्याला आमच्यात तसं म्हणतात. मग एका पानावर त्यांचं लाल पेन थांबलं. स्वयंपाकघरात मी उगाचच कोथिंबीर निवडत राहिले. आईने कुकरखालचा गॅस बारीक केला.

"इकडं ये," त्यांची हाक आली. "काय लिहून राहिली हे? 'संच क्रमांक तीन निवृत्त करणे.' निवृत्त मी झालो. मले शाल भेटली, नारळ भेटला, पेन्शन भेटते. तीन नंबरले तुम्ही नुसता नारळ देऊन राहिले. मग तसं लिही ना." त्यांनी 'निवृत्त' खोडून तिथे 'बंद' लिहिलं होतं.

"बाबा, मी सांगणारच होते..."

"मले माहीत होतं. पर्यावरणवाली पोरगी काय बंद करत असते? पंखे?" ते हसले. मला मात्र रडू फुटलं. "रडू नको. तुझं बरोबर आहे. लय राख चारली त्यानं साऱ्यांले. तुझ्या आईले विचार."

आईने कुकरखालचा गॅस बंद केला.

समासात त्यांनी लाल अक्षरात आणखी एक ओळ लिहिली होती: एकदम थांबवू नये. मी विचारलं, का?

"बंद केला तरी आतला टर्बाइनचा शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, गरम असते. तसाच उभा ठेवला तर वाकते. थंड होईपर्यंत हळूहळू फिरवत ठेवा लागते, दोन-चार दिवस. कोणीतरी थांबा लागते तिथं."

ती ओळ मी अहवालात घातली. ऑफिसातल्या साहेबांनी ती वाचली, "छान आहे, पण फार टेक्निकल होतंय," म्हणाले आणि काढून टाकली. 'बंद'चं पुन्हा 'निवृत्त' केलं. बंद हा शब्द त्यांना नकारात्मक वाटला.

अहवाल गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस पडून गेला होता. बाबांचे गुडघे दुखत होते, तरी सहाला फडकं घेऊन ते दारात उभे. मी म्हटलं, "अहो बाबा, पावसाने धुतलेत सगळे पॅनेल. आज कशाला?"

"पॅनेलसाठी कोण जाते? एकदम थांबू नये," ते म्हणाले आणि कठडा धरून एकेक पायरी चढायला लागले.