लेथवरचे लाल आकडे

शत्रुघ्न भोईर गोखिवऱ्याच्या कारखान्यात लोखंड कातायचं लेथ मशीन चालवी. चाळिशीनंतर हँडलवरच्या मापाच्या रेघा त्याला पुसट दिसू लागल्या. चष्मा लावला तर मालक पॅकिंगला बसवतील, या धास्तीने तो गप्प राहिला. घरी त्याची बायको हंसा न बोलता त्याच्या ताटातल्या माशाचे काटे काढून देई.

एके दिवशी मालकांनी लेथला डिजिटल रीडआउट, म्हणजे माप आकड्यांत दाखवणारा पडदा, बसवला. आता हे चालवायला नवा माणूस येणार, असं शत्रुघ्नने धरूनच ठेवलं.

"शत्रूभाऊ, चालवून बघा," मालक म्हणाले.

त्याने टूल पुढे नेलं, तसे ठसठशीत लाल आकडे पळू लागले. चष्म्याशिवायही स्पष्ट दिसत होते. मापही बरोबर आलं.

संध्याकाळी त्याने हंसाला सगळं सांगितलं.

"मग आता तरी चष्मा करा," ती म्हणाली. "बायको म्हातारी झालीय, तेही एकदा बघून घ्या."