सेक्टर दोनमधला समुद्र

…तर ती थर्मोकोलची पेटी समुद्री जिवांवर संशोधन करणाऱ्या अनुजानं दुर्ग स्टेशनवर हमालालाही दिली नाही, इथवर काल सांगून झालं. सेक्टर दोनच्या क्वार्टरपर्यंत मांडीवर घेऊन आली पोरगी! आईचं, वच्छलाबाईंचं, वर्षश्राद्ध चुकवता येत नव्हतं; अन् पेटीतल्या बरणीत होती समुद्री गोगलगाईंची पिल्लं, रव्याच्या कणाहून बारीक. ती मागं सोडता येत नव्हती.

तिचे वडील शामसुंदर, पोलादाच्या प्लांटमधले रिटायर क्रेन ऑपरेटर, चष्मा पुसून बरणीत डोकावले.

"हे तर नाचून राहिले, अनू!"

"अंगावरच्या केसांनी पोहून राहिले, बाबा. स्नायू अजून आलाच नाही. पहिला कधी येते, तेच मले पाहायचं आहे."

"पयले हाताचा का पायाचा?"

"याइले हात कुठून आणू?"

दोघंही हसले. वर्षभरात त्या घरात कोणी हसलं नव्हतं, बरं का.

मग दर दोन तासांनी अनुजा चार थेंब काढी, स्नायू दिसावा म्हणून रंग घालून, नेहरू नगरच्या शाळेतल्या एका मास्तरांकडून आणलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरी. शामसुंदर घड्याळ घेऊन बसत अन् शिफ्ट बदलल्यासारखी हाक देत. हंगामातली ही शेवटची पिल्लं होती. पुढची वर्षानंतर, अन् तिची फेलोशिप मार्चमध्ये संपत होती.

तिसऱ्या दिवशी ती श्राद्धाला आलेल्या मावशीला स्कूटीवर उतईला तिच्या गावी सोडायला गेली. इकडे टेबलावर ऊन आलं. पिल्लं तापतील म्हणून शामसुंदरांनी बरणी उचलली, ती फ्रिजला धडकली. पाहतात तर सगळे कण तळाशी. त्यांनी नखानं टिचकी मारली. हलेनात. पुन्हा मारली, पुन्हा पाहिलं. फोन उचलला अन् ठेवला. पोरगी रस्त्यात रडत गाडी चालवील.

मेलेला जीव घरात ठेवायचा नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं. बरणी पिशवीत घालून ते स्कूटरनं शिवनाथ नदीवर गेले. वच्छलाबाईंच्या अस्थी सोडल्या, त्याच घाटावर.

परतले तेव्हा अनुजा दारातच होती. रिकामी बरणी तिनं त्यांच्या हातातून ओढून घेतली.

"मेले होते, बेटा. बरणी फ्रिजला धडकली, मंग एकही हलत नव्हता."

"मेले नव्हते, बाबा." ती म्हणाली. "पहिला स्नायू आला होता. धक्का लागला की त्यानंच ते स्वतःले शंखात ओढून घेतात. घडीभर शांत ठेवले असते तर बाहेर आले असते."

शामसुंदरांनी विचारलं, "मंग नदीत… जगतीन ना?"

"गोड पाण्यात नाही जगत."

मग बापाचा ओला पायजमा पाहून तीच हळू म्हणाली, "इतकं आत कावून उतरले? काय करून राहिले होते तिथं?"

शामसुंदर म्हणाले, "काही नाही. हात जोडले. म्हटलं, जा बाबा हो, इथं मोठं पाणी हाय, तुमची मायही इथंच हाय."